सीट कतारची, भाव अमेरिकनचा

पत्र: मी एडिसन, न्यू जर्सीला राहते. आई-बाबा पुण्यात. बाबांचे गुडघे फार दुखतात, सोळा-सतरा तास पाय दुमडून बसणं त्यांना झेपणार नाही, म्हणून मे महिन्यात दोघांना बिझनेस क्लासने आणायचं मनात आहे. माझ्याकडे अमेरिकन एअरलाइन्सचे १,६०,००० माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे पॉइंट, आहेत आणि चेस बँकेच्या कार्डावर ९०,००० पॉइंट. शोधायला बसले तर डोकंच फिरलं. एका तारखेला मुंबई-दोहा-न्यू यॉर्क कतार एअरवेजचं बिझनेस ७०,००० ला दिसतं, दुसऱ्या दिवशी तेच विमान दिसतच नाही, पण कतारच्या साइटवर पैसे देऊन तिकीट मिळतंय! दिल्लीहून अमेरिकनचं स्वतःचं थेट विमान बघितलं तर माणशी दोन लाखांच्या वर माइल्स. मैत्रीण म्हणते चेसचे पॉइंट लगेच एअर कॅनडाच्या एरोप्लॅनला टाक, तिथे स्वस्त पडतं. हा भाव नक्की ठरवतं कोण? आणि मी करू काय?

ताई,

तुमच्या पत्रातला शेवटून दुसरा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे, भाव ठरवतं कोण, कारण त्याचं उत्तर एकदा नीट कळलं ना की बाकीचा गोंधळ आपोआप सुटतो, आणि हे उत्तर कुठलीच विमान कंपनी आपल्या साइटवर सरळ लिहून देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यात लोकांचे वर्षानुवर्षं साठवलेले माइल्स फुकट जातात.

तर ऐका. पार्टनरच्या, म्हणजे तुमच्या माइल्सवाल्या कंपनीशी करार असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या, विमानात दोन वेगळ्या कंपन्या दोन वेगळे निर्णय घेतात. सीट द्यायची की नाही हे ठरवते जिचं विमान उडणार आहे ती, म्हणजे इथे कतार. आणि त्या सीटचे किती माइल्स घ्यायचे हे ठरवते जिच्याकडे तुमचे माइल्स आहेत ती, म्हणजे अमेरिकन. या दोघींचा एकमेकींच्या निर्णयाशी फारसा संबंध नसतो. कतारने त्या दिवशी तिकीट तीन हजार डॉलरला विकलं काय आणि सहा हजारला विकलं काय, अमेरिकनच्या तक्त्यात त्या सीटचा भाव तोच राहतो. आणि उलट, अमेरिकनने कितीही कमी भाव लावला तरी कतारने सीटच सोडली नाही तर तुमच्या हातात काही पडत नाही.

आता कतार सीट कशी सोडते? तुम्ही रेल्वेचं रिझर्वेशन केलंय ना, एकाच डब्यात जनरल कोटा वेगळा, तत्काळ वेगळा, लेडीज वेगळा, आणि जनरलला वेटिंग लागलं तरी दुसऱ्या कोट्यात बर्थ रिकामा असू शकतो. विमानातही तसंच. बिझनेस क्लासच्या सीट एकाच रांगेतल्या असल्या तरी सिस्टिममध्ये त्या वेगवेगळ्या अक्षरांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात, आणि माइल्सवाल्या पार्टनरसाठी एक ठरावीक कप्पा असतो. उदाहरणार्थ स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात, म्हणजे लुफ्तान्सा, एअर इंडिया, युनायटेड, सिंगापूर वगैरे मंडळींमध्ये, हा कप्पा बिझनेससाठी आय, इकॉनॉमीसाठी एक्स आणि फर्स्टसाठी ओ या अक्षराने ओळखतात. त्या कप्प्यात शून्य असेल तर पार्टनरला शून्य, मग बाकी अर्धं केबिन रिकामं का असेना. पैसे देऊन मिळणारं तिकीट दुसऱ्या कप्प्यातून येतं. म्हणून तुम्हाला कतारच्या साइटवर तिकीट दिसतं आणि अमेरिकनवर काहीच दिसत नाही. साइट बिघडलेली नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही.

कंपनी असं का करते हेही समजून घ्या. तुम्ही माइल्स देऊन बसता तेव्हा अमेरिकन कतारला आधी आपसात ठरलेल्या दराने पैसे देते आणि हा दर तिकिटाच्या किमतीपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे कतार त्याच सीट त्या कप्प्यात टाकते ज्या रोखीत विकल्या जाणार नाहीत असं तिच्या गणितात दिसतं. ते गणित रोज बदलतं. कोणी ग्रुप बुकिंग केलं, कोणी कॅन्सल केलं, की आज दिसलेली सीट उद्या जाते आणि परवा परत येते. आणि मे महिना म्हणजे आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या, लग्नं, अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेले आईवडील, सगळी गर्दी एकाच दिशेला, तेव्हा कप्पा कोरडाच असतो बहुतेक वेळा.

अजून एक. काही कंपन्या आपल्या स्वतःच्या सभासदांना जास्त सीट दाखवतात आणि पार्टनरला कमी. सिंगापूर एअरलाइन्स तर लांब पल्ल्याच्या चांगल्या बिझनेस सीट बहुतेक क्रिसफ्लायर या स्वतःच्या माइल्स-कार्यक्रमाच्या सभासदांसाठीच ठेवते, दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमातून बघितलं तर सहसा दिसतच नाहीत. तेव्हा "पार्टनर आहे" म्हणजे "मिळेलच" असं धरून कुठेही माइल्स साठवू नका.

आता भावाकडे. इथे तीन पद्धती आहेत आणि तुमच्या पत्रात नेमक्या तिन्ही एकमेकींत मिसळल्यात, म्हणून डोकं फिरलं.

पहिली, प्रदेशाप्रमाणे छापील तक्ता. अमेरिकन पार्टनरच्या विमानांना हीच पद्धत लावते. त्यांच्या तक्त्यात मध्यपूर्व आणि भारतीय उपखंड हा एकच प्रदेश धरलाय, आणि अमेरिकेपासून तिथपर्यंत एका बाजूचे इकॉनॉमीला ४०,०००, बिझनेसला ७०,०००, फर्स्टला १,१५,००० माइल्स. दोहा त्याच प्रदेशात, मुंबईही त्याच प्रदेशात, म्हणून वाटेत दोह्याला विमान बदललं तरी एकच भाव. यातली तुमच्या फार कामाची गोष्ट अशी की न्यू यॉर्कला उतरा, फिलाडेल्फियाला उतरा नाहीतर डॅलसला, ७०,००० चे ७०,०००च. तुम्ही एडिसनला राहता, तिथून फिलाडेल्फिया गाडीने काही फार लांब नाही आणि कतारचं विमान तिथेही जातं, मग फक्त न्यू यॉर्कच का शोधताय? बोस्टन, वॉशिंग्टनही बघा. आणि इकडच्या बाजूलाही मुंबईवर अडून बसू नका, कतार हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद, गोवा इथूनही उडते. पुण्याहून गोव्याला किंवा हैदराबादला आधी जायला लागेल, वेगळं तिकीट लागेल, एक रात्र मुक्काम पडेल, बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता मला ते दुसऱ्या क्रमांकावरच ठेवावंसं वाटतं, पण मुंबईचा कप्पा कोरडा असताना अहमदाबादचा भरलेला असू शकतो हे ध्यानात असू द्या.

दुसरी पद्धत, अंतराप्रमाणे. एरोप्लॅन, म्हणजे एअर कॅनडाचा कार्यक्रम, नोव्हेंबर २०२० मध्ये नव्याने आला तेव्हा त्यांनी प्रदेश अधिक अंतर असा तक्ता केला. भारत त्यांच्या हिशोबात अटलांटिक विभागात येतो, युरोप आणि आफ्रिकेबरोबर. त्या वेळच्या तक्त्यात उत्तर अमेरिका ते अटलांटिक, पार्टनरचं बिझनेस, ६,००१ ते ८,००० मैलांना ८५,००० पॉइंट आणि ८,००० च्या वर गेलं की थेट १,००,०००. नंतर आकडे थोडे हललेत, २०२५ मध्ये तर युनायटेड, एमिरेट्स, एतिहाद अशा काही पार्टनरना त्यांनी ठरलेल्या तक्त्यातून काढून चढउतार भावात टाकलं, तेव्हा बुक करायच्या दिवशीचा ताजा तक्ता उघडूनच बघायचा. पण ढाचा तोच आहे आणि ढाचाच समजून घ्यायला हवा, कारण इथे एक पायरी ओलांडली की हजारो पॉइंट जास्त जातात. मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूअर्क धरलं तर दोन्ही टप्पे मिळून ८,००० च्या जरा आत राहतं. इस्तंबूलमार्गे अगदी काठावर येतं. आणि हौसेने पुण्याहून दिल्ली आणि मग तिकडून पुढे असं एकाच तिकिटात जोडलं की पुणे-दिल्लीचे सातशेहून जास्त मैल वाढून तुम्ही वरच्या पायरीवर जाऊ शकता. म्हणजे पुणे ते दिल्ली या दोन तासांच्या विमानापायी माणशी दहा-पंधरा हजार पॉइंट! त्यापेक्षा एक्स्प्रेसवेने टॅक्सी करून मुंबई गाठलेली बरी. अंतर शोधायला नकाशावर दोन विमानतळांमधलं सरळ अंतर देणाऱ्या साइट आहेत, प्रत्येक टप्प्याचं अंतर काढायचं आणि बेरीज करायची, एवढंच.

तिसरी पद्धत, तक्ताच नाही. अमेरिकनने स्वतःच्या विमानांचा तक्ता २०२३ मध्ये काढून टाकला, त्यामुळे दिल्ली-न्यू यॉर्क या त्यांच्या थेट विमानाचे माइल्स रोखीच्या तिकिटाबरोबर वरखाली होतात. दोन लाख तिथून आले. म्हणजे गंमत बघा, तुमच्याच कंपनीच्या विमानात बसायला तुम्हाला पार्टनरच्या विमानापेक्षा तिप्पट माइल्स पडतायत, आणि हे रोजचं आहे, अपवाद नाही. डेल्टाने २०१५ मध्येच तक्ते काढून टाकले. युनायटेडने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःच्या विमानांचा काढला आणि एप्रिल २०२० मध्ये पार्टनरचाही. तक्ता नसला की काय होतं याचा नमुना म्हणजे २०२३ चा जून, युनायटेडवर अमेरिका ते युरोप पार्टनरच्या बिझनेसचा नेहमीचा भाव ७७,००० चा एकदम ८८,००० झाला, आधी कुठे सांगणं नाही की सूचना नाही, लोकांना शोधताना कळलं. छापील तक्ता असतो तेव्हा निदान बदलताना चारचौघांत बदलावा लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत, ज्या कार्यक्रमाचा पार्टनर तक्ता छापील आहे तिथे माइल्स जपून ठेवा, आणि ज्याचा नाही तिथे फक्त आजच्या आज वापरायचे असतील तरच टाका.

वरचा खर्च हाही भावाचाच भाग, तो लोक विसरतात. माइल्स दिले तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाची फी भरावीच लागते, ते ठीक. पण काही कंपन्या इंधनाच्या किंवा तत्सम नावाखाली एक मोठा सरचार्ज लावतात आणि तुमचा कार्यक्रम तो तुमच्यावर ढकलतो की नाही हे कार्यक्रमावर अवलंबून. अमेरिकन कतारच्या तिकिटावर तो ढकलत नाही, पण तेच ७०,००० माइल्स देऊन लंडनमार्गे ब्रिटिश एअरवेज घेतलं तर वर शेकडो डॉलर मोजायची तयारी ठेवा. एरोप्लॅन कुठल्याच पार्टनरचा सरचार्ज लावत नाही, फक्त पार्टनर बुकिंगची ३९ कॅनेडियन डॉलर फी घेते. म्हणून लुफ्तान्साचं एकच विमान एरोप्लॅनमधून थोड्या डॉलरात आणि दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमातून पाच-सातशे डॉलर भरून मिळू शकतं. शोधताना नुसता माइल्सचा आकडा बघून खूश होऊ नका, पुढच्या पानावर डॉलरचा आकडा येतो तो बघा.

आता तुमचं. १,६०,००० मधून दोघांचे १,४०,००० जातात, २०,००० उरतात. म्हणजे मुंबई ते अमेरिका, कतार, दोघं बिझनेसने, हे तुमच्या आवाक्यात आहे आणि तुमच्या माइल्सचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. गणित करून बघायचं तर रोखीचा भाव घ्या, त्यातून टॅक्स वजा करा, माइल्सने भागा. इकॉनॉमीचं एका बाजूचं तिकीट सहाशे डॉलरला मिळत असेल आणि त्याला ४०,००० माइल्स जात असतील तर एका माइलला दीड सेंटसुद्धा पडत नाही. बिझनेसचं तीन हजारचं तिकीट ७०,००० ला, तर चार सेंटच्या आसपास. तुम्ही रोख तीन हजार कधीच दिले नसते, तेव्हा ते चार सेंट तेवढे खरे धरू नका, पण बाबांना सपाट पलंगावर पाय पसरून झोपता येणार याची किंमत सेंटमध्ये काढायचीच कशाला.

शोधताना आधी एकाच प्रवाशासाठी शोधा. दोघांसाठी शोधलं आणि कप्प्यात एकच सीट असली तर साइट सरळ "उपलब्ध नाही" म्हणते आणि आपण ती तारीख सोडून देतो. एक दिसली की मग दोघांसाठी बघा. एकच असेल आणि बाकी सगळं जमत असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा, दुसरी सुटू शकते, पण आईला एका दिवशी आणि बाबांना दुसऱ्या दिवशी असं मात्र करू नका, दोह्याला विमान बदलताना त्यांना एकमेकांचा आधार लागणार. अमेरिकनवर ३३१ दिवस आधीपासून तारखा उघडतात, तेव्हा एकदा आणि मग प्रवासाच्या आधीचे दोन-तीन आठवडे, या दोन वेळांना सीट जास्त सुटतात असा साधारण अनुभव आहे. शेवटच्या आठवड्यांची वाट बघणं आईबाबांच्या बाबतीत जिवाला घोर लावणारं आहे, त्यामुळे सीट दिसली की आजच घ्या. अमेरिकनचं माइल्सवालं तिकीट विमान सुटायच्या आधी रद्द केलं तर माइल्स फुकटात खात्यात परत येतात, त्यामुळे नंतर चांगली तारीख मिळाली तर बदलता येतं. मेच्या ऐवजी एप्रिलच्या मध्यात किंवा जून संपताना जमत असेल तर तेही शोधून ठेवा.

चेसचे ९०,००० कुठेही टाकू नका. अमेरिकनमध्ये ते जातच नाहीत, आणि एरोप्लॅनमध्ये टाकले तर एकाच माणसाच्या बिझनेसला कसेबसे पुरतील, दुसऱ्याचं काय? शिवाय बँकेतून एकदा विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. ते बँकेत असतात तोपर्यंत युनायटेड, एरोप्लॅन, ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस, क्रिसफ्लायर सगळी दारं उघडी असतात, टाकले की एकच उरतं. तुमची मैत्रीण चुकीचं सांगत नाहीये, एरोप्लॅन चांगलंच आहे, फक्त क्रम उलटा आहे. आधी सीट शोधायची, मग फोन करून खात्री करायची की सीट खरंच आहे, कारण साइटवर कधीकधी नसलेली सीट दिसते आणि पैसे भरायच्या पानावर एरर येतो, आणि हे सगळं झाल्यावर पॉइंट टाकायचे. परतीच्या प्रवासासाठी हे ९०,००० राखून ठेवा, तोवर अजून थोडे जमतील. माइल्स वाढवायचे असतील तर जुलै २०२५ पासून सिटी बँकेचे पॉइंट अमेरिकनमध्ये टाकता येतात, नवऱ्याच्या किंवा तुमच्या नावावर ते कार्ड असेल तर बघा.

तिकीट निघालं की एक काम त्याच दिवशी करा. तुम्हाला अमेरिकनचा सहा अक्षरांचा कोड येईल, पण कतारच्या सिस्टिममध्ये त्याच बुकिंगचा वेगळा सहा अक्षरांचा कोड असतो. अमेरिकनच्या साइटवर तो कुठेतरी दिसतो, नाही दिसला तर फोन करून मागून घ्या. तो टाकून कतारच्या साइटवर जायचं आणि सीट निवडायच्या, आईसाठी शाकाहारी किंवा जैन जेवण सांगायचं, आणि बाबांसाठी व्हीलचेअर मुंबईला, दोह्याला आणि अमेरिकेत उतरल्यावर, तिन्हीकडे नोंदवायची. तिकीट नंबर ००१ ने सुरू झालाय ना तेही बघा, ००१ म्हणजे तिकीट अमेरिकनने काढलंय. उद्या वेळ बदलली किंवा विमान रद्द झालं तर तिकीट बदलायचा अधिकार अमेरिकनकडे, आणि प्रवासाच्या दिवशी विमानतळावर काही अडलं तर कतारच्या काउंटरवर. दोन्ही कोड आणि तिकीट नंबर मोठ्या अक्षरात एका कागदावर प्रिंट करून बाबांच्या खिशात द्या, फोनवर पाठवलेलं आयत्या वेळी सापडत नाही.